दोन बोटांची परीक्षा

ब्रोतेन, रेंडालेन
६ ऑगस्ट १९८४

प्रिय ओड्वारकाका,

तू पाठवलेला वाळवलेला कॉड मासा पोचला. आईने तो कोठीच्या तुळईला टांगलाय आणि मांजर त्याच्याखाली धरणं धरून बसलंय. तू घरात फोन ठेवत नाहीस, म्हणून एवढं लिहावं लागतंय. नाहीतर आज मी तुझ्याशी कडाकडा भांडले असते, कारण बाबा गेल्यापासून भांडायला हक्काचं माणूसच उरलेलं नाही.

काल एम्ब्रिकच्या अंगणात शिकारीची सगळी टोळी जमली होती. विषय होता बाबांची शिकारीला बसायची जागा. स्वार्तमीरच्या दलदलीकाठची, मोडक्या बर्चच्या झाडाखालची. एम्ब्रिकने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पोरी, जागा घराबरोबर जाते हे मला मान्य. पण परीक्षा सगळ्यांना. तुझ्या बापालाही होती."

परीक्षा तुला ठाऊक आहे. एल्क हरणांच्या शिकारीच्या पहिल्या सकाळी नव्या माणसाने घरी भरलेलं काडतूस टोळीच्या म्होरक्याच्या हातात द्यायचं. तो ते नव्या माणसाच्याच रायफलमध्ये घालणार आणि फक्त दोन बोटांनी मूठ फिरवून बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, बंद करणार. मिटला तर जागा तुमची. अडला तर जागा दुसऱ्याची, आणि पुढेही त्याच्याच घराण्याची. दुकानातलं काडतूस चालत नाही. ज्याला स्वतःचं काडतूस भरता येत नाही त्याच्या शेजारी आम्ही जीव मुठीत घेऊन बसणार नाही, असं यांचं म्हणणं. मला तो नियम पटतो, म्हणून तर मी चिडलेय.

कारण एम्ब्रिकचा जावई कोल्बेन आत्ताच तिथे जाऊन त्या बर्चची आडवी येणारी फांदी छाटून आलाय. म्हणे नेम धरायला अडचण होते! अजून परीक्षा व्हायचीय आणि साहेबांनी फर्निचर हलवायला घेतलं. त्या दलदलीत आजवर बाईमाणूस गेलं ते कॉफीची किटली घेऊन. मी किटली घेऊन जाणार नाही, काका.

आता मुद्दा. बाबांच्या बाकावर बसून मी पहिली काडतुसं भरली. त्यांच्याच जुन्या पुंगळ्या, त्यांचाच साचा, त्यांचंच दाबयंत्र. पुंगळी साच्यातून काढली, बुडात ठिणगी देणारी नवी टोपी बसवली, दारू मोजून घातली, गोळी बसवली. दिसायला अगदी देखणी झालीत. पण रायफलमध्ये घातली की बोल्टची मूठ अर्ध्यावर येते आणि आडमुठ्या बैलासारखी थांबते. तळहाताने ठोकली तर कदाचित मिटेल, पण दोन बोटांनी जन्मात नाही. माझं काय चुकतंय? लवकर लिही.

तुझी तुरिद


बो, वेस्टरोलेन
१३ ऑगस्ट

प्रिय तुरिद,

मांजराला कॉड देऊ नकोस, ते त्याच्या लायकीचं नाही.

एम्ब्रिक अजून परीक्षा घेतो हे वाचून बरं वाटलं. माझी घेतली ती त्याच्या बापाने. त्याची दोन बोटं लाकूडकापणीत गेलेली होती, त्यामुळे त्याने उरलेल्यांपैकी दोन वापरली आणि तरी माझा बोल्ट लोण्यासारखा मिटला. तुझ्या बापाचाही. युद्धानंतर जर्मन मागे टाकून गेले त्या रायफलींपैकी दोन आम्ही एकाच दिवशी घेतल्या होत्या. एकाच कारखान्याच्या, एका पेटीतल्या. आणि आम्ही ब्रोतेनची पोरं होतो. त्या दलदलीत आमच्या घराचं काडतूस कधी अडलं नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी चूक मला इथून दिसतेय. गोळी फार बाहेर ठेवलीस. ती नळीतल्या आट्यांना जाऊन टेकते, मग बोल्ट कसा मिटेल? थोडी आत दाब. सगळे नवशिके हेच करतात, त्यात लाज नाही.

आणि हो, उगीच सांगतो असं नाही, पण या वसंतात आमच्या नेमबाजांच्या मंडळात माझ्या काडतुसांचा बोलबाला झालाय. एका बोटाने मिटतो बोल्ट, एका! लोक येऊन स्वतः मूठ फिरवून बघतात. चाळीस वर्षं भरतोय, पण इतकी मऊ काडतुसं माझ्या हातून यापूर्वी झाली नव्हती. म्हातारपणी हात पिकला म्हणायचा. नेमही असा लागतोय की गेल्या महिन्यात मला चषक मिळाला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यात कांदे ठेवलेत.

गोळी आत दाब आणि कळव.

तुझा ओड्वारकाका


ब्रोतेन
१८ ऑगस्ट

प्रिय काका,

चषकाचं अभिनंदन. कांद्यांचंही.

गोळी आत दाबली. अडतंय. आणखी दाबली. तरी अडतंय. मग मला वाटलं, गोळीवर आळ घेण्याआधी तिची साक्ष तरी काढू. म्हणून एक पुंगळी साच्यातून काढून नुसती, बिनदारूची, बिनगोळीची रायफलमध्ये घातली. तीही तिथेच अडली! म्हणजे गोळी निर्दोष आहे, काका. तू दुसरा आरोपी शोध.

आई विचारते, तू यंदा येणार का शिकारीला. मी म्हटलं, तो जागा बघायला नाही, आपली फजिती बघायला येईल.

तुरिद


बो
२४ ऑगस्ट

प्रिय तुरिद,

रिकामी पुंगळी घालून बघायची हे मी तुला पुढच्या पत्रात सांगणारच होतो.

आता नीट वाच. पुंगळी दर वेळी उडवली की पितळ पुढे सरकतं आणि तिचं तोंड लांबतं. लांबलेलं तोंड पुढे जाऊन अडकतं. तुझा बाप ते कापायला आळस करायचा, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तोंडं कापून सारखी कर.

तेवढ्याने भागलं नाही तर मेणबत्ती लाव. रिकामी, नवी टोपी न बसवलेली पुंगळी ज्योतीवर फिरवून काजळी धर. हळूच रायफलमध्ये घाल, बोल्ट जाईल तेवढाच ने, जोर करू नकोस, आणि बाहेर काढ. जिथे काजळी पुसून पितळ चमकेल तिथे ती घासतेय. तोंडाशी, मानेवर, खांद्यावर की बुडाशी, तेवढं लिही. ही युक्ती मला एका बुटक्या तोफवाल्याने शिकवली. मी ती आजवर फक्त तुझ्या बापाला सांगितली होती.

इथे नव्या टोप्या अगदी भिकार निघाल्यात. बार झाल्यावर पुंगळी बाहेर काढावी तर टोपी बुडातून नखभर वर आलेली. पूर्वी असा माल नसायचा. मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार आहे.

ओड्वारकाका


ब्रोतेन
३० ऑगस्ट

प्रिय काका,

तोंडं कापली. बाबा आळशी नव्हते, कापण्यासारखं फार काही नव्हतंच.

मग काजळी धरली. आई म्हणाली, घरात दिवसाढवळ्या मेणबत्ती कशाला, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कोणी नाही, पण कोल्बेनची वेळ भरत आलीय. पुंगळी काळीकुट्ट करून आत घातली, अलगद बाहेर काढली. तोंड काळं. मान काळी. बूड काळं. चमकला तो फक्त खांदा, जिथे पुंगळी निमुळती होते तिथे चहूकडून, अंगठीसारखा. बाबांच्या पेटीतल्या दहा-बारा पुंगळ्या तशाच करून बघितल्या. सगळ्यांचा खांदा उजळ.

आणखी एक. सहकारी दुकानातून विकतचं एक काडतूस आणून घातलं. लोण्यासारखा मिटला बोल्ट. म्हणजे रायफलही निर्दोष. कोल्बेन दुकानात होताच. माझ्या हातात ते एकच काडतूस बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "विकतच्यानेच भागव तुरिद, कष्ट कशाला? जागा मी सांभाळतो, तू दुपारी वाफल्स घेऊन ये." दुकानदारीणबाई हसली. मीही हसले, कारण रडायला ती जागा बरी नव्हती.

खांदा, काका. आता काय ते सांग.

तुरिद


बो
५ सप्टेंबर

प्रिय तुरिद,

खांदा म्हटल्यावर प्रश्न मिटला. मला वाईट वाटतंय, पण जे आहे ते लिहितो.

तुझ्या बापाचा साचा पुंगळीची फक्त मान आवळतो. बाकी अंग तो जसंच्या तसं सोडतो. मुद्दामच. पुंगळी एकदा रायफलमध्ये उडाली की तापून फुलते आणि त्या रायफलच्या आतल्या घराचं माप घेऊन बाहेर येते. रोजच्या खुर्चीत आपलं बूड बसावं तशी ती तिथे पुन्हा बसते. म्हणून आमची काडतुसं अचूक जातात. पण त्याच कारणाने एका रायफलची पुंगळी दुसरीत जाईलच असं नाही.

आता तूच विचार कर. तुझ्या बापाच्या, हाल्वरच्या रायफलमध्ये उडालेली पुंगळी हाल्वरच्याच रायफलमध्ये अडेल कशी? अडूच शकत नाही. आणि अडतेय, तर ती त्याच्या रायफलची नाही. तू कुठल्यातरी दुसऱ्या पुंगळ्या मिसळल्यास. नेमबाजीच्या मैदानावर खाली पडलेल्या उचलल्या असशील. हाल्वर स्वतःची पुंगळी डोळे मिटून ओळखायचा. तुझा हात अजून तिथे पोचलेला नाही, आणि एवढ्या थोड्या दिवसांत पोचणारही नाही.

माझं ऐक. एम्ब्रिकशी बोल आणि यंदा कोल्बेनला बसू दे. भर टोळीसमोर बोल्ट अडून ब्रोतेनचं नाव घालवण्यापेक्षा ते बरं. आमच्या घराचं काडतूस त्या दलदलीत कधी अडलेलं नाही.

ओड्वारकाका


ब्रोतेन
१० सप्टेंबर

ओड्वार,

पुंगळ्या बाबांच्याच आहेत. गेल्या शरदात शिकारीच्या शेवटच्या दिवशी मैदानावर त्यांनी त्या उडवल्या, मी स्वतः वाकून वेचल्या आणि त्यांनी माझ्या हातून घेऊन पेटीत ठेवल्या. त्यानंतर ती पेटी या उन्हाळ्यापर्यंत कोणी उघडली नाही.

ब्रोतेनचं नाव मीही लावते. तू एकटाच नाहीस.

तुरिद


ब्रोतेन
१९ सप्टेंबर

काका,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मीही पाठवणार नव्हते. पण एक गोष्ट सापडलीय आणि ती तुझ्याशिवाय पुरी होत नाही, म्हणून राग बाजूला ठेवून लिहितेय. राग संपलेला नाही, फक्त बाजूला ठेवलाय.

परवा स्वयंपाकघरात बसून तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचत होते. खरं तर तुला टोचेल असं वाक्य शोधत होते. आईला मोठ्याने वाचून दाखवलं की बघ, इथे माझा बोल्ट मिटत नाही आणि तिकडे या गृहस्थाचा एका बोटाने मिटतो, चाळीस वर्षांत कधी नाही असा. आई पाव कापत होती. म्हणाली, "दोघांच्या रायफली एकदमच बिघडल्या म्हणायच्या." मी म्हटलं, त्याची बिघडली नाही, सुधारली. ती म्हणाली, "या वयात ओड्वारचं काही सुधारत नसतं." आणि पाव डब्यात ठेवायला गेली.

तो डबा बघून मी जागच्या जागी उभी राहिले.

आपल्या घरी रायफल उंबरठ्याच्या आत आली की बोल्ट बाहेर निघतो आणि पावाच्या डब्यात जातो. आजोबांपासूनची रीत. गेल्या ऑक्टोबरात तू इथे होतास तेव्हा डब्यात दोन बोल्ट होते. तुझी गाडी शिकार संपल्याच्या दुसऱ्या सकाळची होती, वीज गेलेली होती, आणि तू बाबांवर ओरडत होतास की तुमच्या इथली वीज आणि तुमचं सरकार दोन्ही सारखंच. त्या अंधारात तू डब्यात हात घातलास आणि एक बोल्ट घेऊन गेलास.

बाबांनी त्यानंतर रायफल उडवलीच नाही, काका. फेब्रुवारीत ते गेले.

आपले बोल्ट दिसायला एकसारखे, पण नेमके सारखे नसणार. एखाद्या केसाचा फरक असेल. तेवढ्याने माझ्याकडे घर आखूड झालं आणि बाबांची पुंगळी खांद्यावर अडली. तुझ्याकडे घर सैल झालं. म्हणून एका बोटाने मिटतं, आणि म्हणूनच तुझ्या टोप्या वर येतायत. पुंगळीला मागे टेकायला जागाच घट्ट नाही. कंपनीला पत्र पाठवू नकोस. आणि त्या रायफलने आता बार काढू नकोस, मी हे गमतीने लिहीत नाही.

मी भिंग घेऊन बघितलं. माझ्या रायफलवर आकड्याचा शेवट ८६. बोल्टच्या मुठीच्या बुडाशी १९, आणि कारखान्यातून तर दोन्हींवर आकडा एकच येतो. तुझ्या रायफलवर शेवटी काय आहे ते बघ आणि बोल्टवर काय आहे तेही.

शिकार ५ ऑक्टोबरला सुरू होते. दुसरा उपाय मला ठाऊक आहे. पुंगळीचं अख्खं अंग आवळणारा मोठा साचा आणून पुंगळ्यांचे खांदे मागे ढकलायचे. तसं केलं तर काडतुसं या बोल्टला बसतील. पण त्या बाबांनी उडवलेल्या पुंगळ्या आहेत, त्यांच्या रायफलचं माप अंगावर घेतलेल्या. मला त्या दाबून दुसऱ्या करायच्या नाहीत. अगदी नाइलाज होईपर्यंत नाही.

तुरिद


बो
२४ सप्टेंबर

प्रिय तुरिद,

तुझं पत्र वाचलं. कल्पना चांगली आहे, गोष्ट म्हणून सांगायला.

मी तीस वर्षं बोटींची इंजिनं उघडून जोडली आहेत. एक नट इकडचा तिकडे झाला नाही. मी माझा स्वतःचा बोल्ट ओळखत नाही असं तुला म्हणायचंय का? तो रोज माझ्या हातात असतो. त्याची मूठ माझ्या तळहाताला माझ्या बुटासारखी बसते. आकडा बघायची मला गरज नाही. आपल्या बायकोला ओळखायला माणूस तिचा पासपोर्ट मागत नाही. मला बायको नाही, पण मुद्दा तोच आहे.

हे पत्र आज टपालपेटीत टाकतो, म्हणजे तुझं समाधान होईल.

ओड्वारकाका


तार
बो, २५ सप्टेंबर

आकडा पाहिला. तुझं बरोबर. हाल्वरचा बोल्ट आजच्या बोटीने निघाला. मोज्यात आहे. काडतुसांना हात लावू नकोस. ओड्वार


ब्रोतेन
७ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या काका,

मी जिवंत आहे, जागा आपली आहे, आणि मला बसल्याजागी झोप येतेय, पण आधी तुला सांगितल्याशिवाय झोपणार नाही.

२५ला निघालेला बोल्ट २८ला यायला हवा होता. आला नाही. रोज दुपारी मी बसथांब्यावर. बसवाला मला बघून लांबूनच मान हलवायचा. पलीकडे कुठेतरी वादळात बोट थांबली होती म्हणे. आई म्हणाली, मोठा साचा माग कोणाकडून. मी मागून आणला, बाकावर ठेवला, एक पुंगळी त्याच्याखाली धरली, आणि दांडा ओढवेना. परत ठेवून दिली. ४ तारखेच्या संध्याकाळच्या बसने मोजा आला! राखाडी, लोकरी, टाचेला भोक असलेला. तुझा दुसरा मोजा आता काय करतोय?

आत बोल्ट, मुठीशी ८६.

अंगणात उभी राहून मी बोल्ट रायफलमध्ये सरकवला आणि ऑगस्टपासून नुसती पडून असलेली ती पहिली रिकामी पुंगळी घातली. मूठ खाली आली, काका. नुसती आली. मी ढकललं असं म्हणवत नाही. मग पायरीवर बसून मी हमसून रडले आणि आई दारातून म्हणाली, "आता कशाला रडतेस, आता तर मिटला!"

सकाळी सगळी टोळी एम्ब्रिकच्या अंगणात. कोल्बेन नवी टोपी घालून आलेला. मी काडतुसाची पेटी उघडून एम्ब्रिकपुढे धरली, म्हटलं तूच निवड. त्याने वरचं घेतलं नाही, लबाड म्हातारा, अगदी तळातलं काढलं. रायफल मोकळ्या शेताकडे वळवली. काडतूस घातलं. दोन बोटं लावली.

मिटला. तो आवाज तुला माहीत आहे.

एम्ब्रिकने उघडला, काडतूस काढलं, डोळ्याजवळ नेलं आणि पुन्हा घालून पुन्हा मिटवला. या वेळी एका बोटाने. मग म्हणाला, "ही हाल्वरची काडतुसं आहेत." कोल्बेन लगेच पुढे, "म्हणजे हिने भरलेली नाहीतच!"

मी म्हटलं, "पुंगळ्या हाल्वरच्या. टोपी मी बसवली, दारू मी मोजली, गोळी मी लावली. आणि ती ऑगस्टभर का अडत होती तेही मीच शोधलं." आणि मग सगळ्यांना पावाच्या डब्याची गोष्ट सांगितली. तुझं नाव घेऊन सांगितली, माफ कर. एम्ब्रिक इतका हसला की त्याला कुंपणाला धरावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाला, "ज्याला काडतूस भरता येतं तो जागेवर बसतो. ज्याला अडलेलं काडतूस वाचता येतं, त्याच्या शेजारी मी बसतो." यंदा तो स्वतः माझ्या उजवीकडच्या टेकाडावर बसला, काका. पूर्वी तो तिथे बाबांच्या शेजारी बसायचा.

कोल्बेनचं एक भलं म्हणायला हवं. फांदी छाटलेली खरंच बरी पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी एक मादी आली, मागे पिल्लू. मी मूठ सोडून दिली, त्यांना जाऊ दिलं. तासाभराने नर आला, पाण्यातून, अगदी संथ. एकच बार. तो दहा पावलं गेला आणि बसला. मी लगेच बोल्ट मागे ओढला, पुंगळी बाहेर पडली, गरम, शेवाळात. ती उचलली आणि बघितली. टोपी अगदी सपाट, जिथे असायला हवी तिथे.

तुझा बोल्ट त्याच मोज्यात परत पाठवतेय. मोजा आईने रफू केलाय. बरोबर वाळवलेलं मांस आहे, त्यातलं थोडं मांजराला दे, तुझ्याकडे असेल तर. तुझ्या काडतुसांवर बोल्ट आता पूर्वीसारखाच दोन बोटांनी मिटेल, फक्त या उन्हाळ्यात उडवलेल्या पुंगळ्या टाकून दे. एका बोटाचा थाट गेला, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस.

बाकी राग संपला. बाजूला ठेवला होता तिथे बघितला तर सापडला नाही.

तुझी तुरिद


बो
१७ ऑक्टोबर

प्रिय तुरिद,

बोल्ट पोचला. मोजाही. तुझ्या आईचं रफू मूळ मोज्यापेक्षा चांगलं आहे, तिला सांग.

काल मंडळात गेलो. उन्हाळाभर जी मंडळी माझी मूठ फिरवून बघत होती ती सगळी होती. मी टेबलावर रायफल ठेवली आणि म्हटलं, ज्याला एका बोटाची जादू बघायचीय त्याने घरी जावं, ती संपली. मग पहिल्यापासून सांगितलं. अंधार, डबा, टोप्या, काजळी, खांदा. चषक परत देतो म्हटलं तर अध्यक्ष म्हणाला ठेव, कांद्यांसाठी. आता मंडळात मी दुसरीच बढाई मारतो. माझी पुतणी आठशे मैलांवरून, माझीच पत्रं वाचून, माझ्या हातातली चूक दाखवते. कोणाकडे आहे अशी पुतणी? कोणाकडेही नाही. मी विचारून बघितलं.

मी तुला यंदा जागा सोड म्हणून लिहिलं होतं. ते पत्र चुलीत घाल.

आणखी एक गोष्ट आहे. ती मंडळात सांगितली नाही.

फेब्रुवारीत वादळाने बोट सुटली नाही आणि मी हाल्वरला पोचवायला येऊ शकलो नाही. तुम्ही कोणी मला त्याबद्दल बोल लावला नाहीत. मी स्वतःला लावला, पण तेही राहू दे. मार्चमध्ये बर्फ निवळल्यावर रायफल काढली. मूठ हातात धरली आणि ती अशी बसली की मी थोडा वेळ तशीच धरून उभा राहिलो. मला वाटलं, इतक्या वर्षांनी अखेर लोखंड माझ्या हाताला झिजलं. त्या दिवसापासून नेम लागायला लागला. सबंध उन्हाळा.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आकडा बघायला तयार नव्हतो, ते गर्वाने नव्हे. म्हणजे थोडं गर्वानेही. पण त्या रात्री भिंग घेतलं आणि ८६ दिसलं तेव्हा मला कळलं की ती झीज माझ्या तळहाताची नव्हतीच. हाल्वरचा अंगठा थोडा बाहेर वळलेला होता, आठवतं तुला? मूठही तिथेच बाहेरच्या बाजूला गुळगुळीत झालीय. मी ती मार्चपासून माझीच समजत होतो.

आता माझा बोल्ट परत बसवलाय. दोन बोटं लागतात. मूठ थोडी खरखरीत वाटते, पण माझी आहे.

पुढच्या ऑक्टोबरात येतो. एम्ब्रिकला सांग, मला तुझ्या डावीकडे बसायचंय. आणि पावाच्या डब्यात माझा बोल्ट ठेवू नकोस. मी तो उशाखाली घेऊन झोपेन.

तुझा ओड्वारकाका